टेप बंद केल्यावर

मोबाईल खिशात टाका रे पोट्टेहो, अन् जवळ सरका. हे देवीदासच्या बाबतीत झालं. बडनेऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाये त्याचं, माह्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. दोन वर्षांखालची चंपाषष्ठीची रात होती.

त्या दिवशी सकाळीच दर्यापूरचा गजेंद्र त्याच्याकडं कार घेऊन आला. पंचविशीतलं पोरगं, भाजीचा धंदा; मार्केटात नंबर लागेपर्यंत रात गाडीतच काढे. गाडीत आधीच मोठाले स्पीकर. म्हणे, "काका, बॅटरी चार्ज कराले मोठा अल्टरनेटर बसवा. डिक्कीत दुसरी बॅटरी टाका. इंजिन बंद असलं तरी टेप रातभर वाजला पाहिजे."

"रातभर? काहून रे, वरातीत लावतं का गाडी?"

गजेंद्र हसला नाही. "टेप बंद झाला का मागून आवाज येते," एवढंच बोलला.

देवीदासले वाटलं, साधी गोष्ट हाये. अर्थिंग ढिली असली का अल्टरनेटरची शिटी स्पीकरमधून येते, इंजिन पळवलं का चढते. दिवसभर खपून त्यानं जाड वायरी टाकल्या, अल्टरनेटर बदलला, दुसरी बॅटरी जोडली, अर्थिंगची जागा खरवडून पक्की केली. अंधार पडल्यावर दोघं दर्यापूर रोडनं ट्रायल घ्याले निघाले. गाणं असं दणकलं का काचा थरथरल्या.

वलगावच्या पुढं दोन्ही अंगानं तूर उभी. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"बंद कर आता," देवीदास म्हणे. "शिटी ऐकू दे मले."

"नोका ना काका..."

देवीदासनं सोताच टेप बंद केला.

बारीक आवाज आला. नाकातल्या नाकात कोणी गुणगुणावं तसा.

"इंजिन बंद कर."

इंजिन बंद झालं. आवाज चालूच.

देवीदास उतरला. बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली. डिक्कीकडं जाताना मागच्या काचेत त्यानं पाह्यलं नाही. तिथलीबी वायर काढली. गाडीतले दिवे गेले. आता करंटचा थेंब नाही.

आवाज चालूच.

स्पीकरमधून येतच नव्हता तो. मागच्या सीटवरून येत होता. थांबायचा... श्वास घ्यायचा... पुन्हा तिथूनच धरायचा.

मोबाईलचा उजेड फक्त हातावर धरून देवीदासनं वायरी जोडल्या. कसाबसा पुढच्या सीटवर येऊन बसला, अन् त्याच्या तोंडून निघून गेलं, "कोण हाये?"

गजेंद्रनं त्याचं मनगट धरलं.

"काका... बोलले काहून? चार महिने झाले, मी एकडाव बी बोललो नाही..."

आवाज थांबला.

मागची सीट करकरली. देवीदासच्या मानेवर गार वारा लागला. काचा तं बंद होत्या...

गजेंद्रनं टेप लावला. गाडी वळवली, अन् बडनेऱ्यापर्यंत आवाज कमी केला नाही.

सकाळी गजेंद्रचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"काका, काय हात हाये तुमचा! रात्री टेप बंद करून घरी आलो. मागं काहीच नाही. गाडी कशी शांत!"

देवीदास फोन कानाशी धरूनच अंगणात आला. रातभर दंव पडलं होतं. फरशी ओली, तारेवरचे कपडे ओले. रात्री दुकानातून आणून लावलेली त्याची स्कूटर हँडलपासून निथळत होती.

फक्त मागची सीट...

एक माणूस बसंल एवढी जागा. कोरडी.