तिसाव्या रात्रीची आवक

मोबाईल खिशात टाका आधी. मध्ये कुणी उजेड पाडला तर मी उठून जाईन. हे माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय, आणि तो माणूस खोटं बोलायचाही कंटाळा करणारा.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरची एकोणीस. त्यांच्या गावचा जुना धक्का हॉटेलवाल्याच्या घशात जायला आला होता. सरकारी साहेबाची अट एकच: लागोपाठ तीस सकाळी धक्क्यावर मासळी उतरलेली दिसली, तर धक्का मच्छीमारांचा. एक सकाळ चुकली की खेळ खलास. एकोणतीस झाल्या आणि वादळ आलं. सगळ्या बोटी वाळूवर ओढून ठेवल्या. मेव्हणा धक्क्याचा राखणदार. बायकोला म्हणाला, "आता हॉटेलच्या दारात सलाम ठोकायचे." एवढा बाप्या, पण ढसाढसा रडला.

पावणेतीनला बर्फाच्या खोलीचं दार आपटायला लागलं. ते लावायला हा बॅटरी घेऊन गेला. कडी घातली. वळतोय, तोच पाण्याच्या बाजूनं दोरी आली.

धक्क्यावरच्या माणसाची खोड असते रे. दोरी आली की झेलायची, खुंट्याला बांधायची, बोट कुणाची ते नंतर विचारायचं. यानंही बांधली. मग लख्खकन आठवलं, आज बोट गेलीच कुठे होती?

"कोण?" त्यानं बॅटरी पाण्याकडे फिरवली. "कोण आहे रे तिकडे?"

"धाकट्या... घे."

टोपली वर आली. मग दुसरी. इंजिनाचा आवाज नाही. हात दिसेनात. आणि त्याला धाकट्या म्हणणारा एकच होता. थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी बोटीसकट बुडालेला.

"दादा... वहिनीला काय सांगू?"

टोपल्या येत राहिल्या. हा घेत राहिला. थांबायची छाती होईना.

हसतोस काय रे? पाय कशाला पोटाशी घेतलेस मग?

सकाळी सहाला साहेब आला. एकतीस टोपल्या ताजी, फडफडती मासळी! त्यानं सही केली. धक्का वाचला. लोकांनी मेव्हण्याला खांद्यावर घेतलं, पण तो पांढराफटक. नजर खुंट्यांवर.

त्यानं दोरी बांधली होती एक. धक्क्याला खुंटे चौदा. चौदाही खुंट्यांना ओल्या दोऱ्या... सरळ खाली पाण्यात गेलेल्या. ताठ. बोट एकही नाही.

आठ जणांनी मिळून एक दोरी ओढली. हलेना.

मग खालून कुणीतरी ओढली.