जेवलात का?

हंबीररावांना जाऊन सव्वा महिना झाला होता. त्यांची सून कमल दुपारची भाकरी थापत होती. नवरा भास्कर छापाची लुगडी आणायला बाग गावी गेलेला. तिकडे साथ आहे, अशी कुजबुज कालच तिच्या कानावर आली होती.

हंबीरराव टपालाचे हरकारे. तीस वर्षं घुंगरांची काठी वाजवत जंगलवाटेनं धावले. घरात मात्र लोण्याहून मऊ. पेन्शनीत निघाल्यावर नातवाच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून दिवसभर बसायचे. त्यांची एक रीत साऱ्या वाटेवर ठाऊक होती. कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाचं पत्र असलं, की दाराबाहेरूनच विचारायचे, "जेवलात का?" उपाशी माणसाच्या हाती असलं पत्र त्यांनी कधी दिलं नाही. 'हो' येईपर्यंत अंगणात थांबत.

आणि आज अंगणात घुंगरं वाजली. काठी तर आत खुंटीला होती.

"कमल... जेवलीस का गं?"

हातातली भाकरी चुलीत पडली.

"नाही, मामंजी... नाही जेवले."

बाहेर कुणीतरी भिंतीला टेकून बसलं. ओल्या चामड्याचा, टपालाच्या थैल्याचा वास आत आला.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पत्र हाती येत नाही तोवर भास्कर आहे, एवढंच तिला कळत होतं.

"कसली घुंगरं? मला नाही बाई ऐकू येत," सासू, अक्का, करवादली. "दूध आटलंय तुझं. लेकराला कशाला उपास घडवतेस?"

तिसऱ्या दुपारी बाळाला रडायचंही त्राण उरलं नाही. कमलनं दुधात कुस्करलेली भाकरी डोळे मिटून घशाखाली लोटली. बाहेरून विचारणा झाली. 'हो' बाहेर पडू नये म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळी भास्कर आला. धडधाकट, पाठीवर गाठोडं.

"अशी काय बघतेस? ओळखलं नाहीस का?"

ती रडतरडत हसली. बाळाला पाजून निजवलं, ताट वाढलं. त्या आनंदात घुंगरांचं सांगायचं राहूनच गेलं. भास्कर पोटभर जेवला आणि हात धुवायला दाराशी गेला.

"भास्कर... जेवलास का रे?"

"हो आबा, जेवलो," जन्माच्या सवयीनं तो बोलून गेला. मग तांब्या हातातच राहिला.

टपाल घेऊन हंबीररावांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता. घुंगरं आत आली. चुलीपाशी... अक्कापाशी... कुठंच न थांबता पाळण्याशी जाऊन थांबली.

जमिनीवर पडलेली पाळण्याची दोरी हळूच उचलली गेली, आणि ताणली गेली.