पाकिटातला सहावा कागद

पाकीट फोडलं तेव्हा लाख शाबूत होती, दोन्ही सह्या जागच्या जागी होत्या, आणि आतून कागद निघाले पाच. यादीवर होते सहा.

पडताळणी कक्षातल्या बाईंनी ते पुन्हा मोजले. मोजल्यानं कागद वाढत नाहीत हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं. तरी मोजले. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, रहिवासाचा दाखला, चारित्र्याचा दाखला, आणि लसीचं जुनं कार्ड.

"जन्मदाखला नाही," त्या हळूच म्हणाल्या.

विद्यापीठात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. चष्म्याच्या डबीत त्या भिंग ठेवत, आणि ते काढलं की खोट्या शिक्क्याला आपणहून घाम फुटतो, अशी खिडकीवर कागद घेणाऱ्या तात्यांची थट्टा होती. आवाज मात्र इतका मऊ, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे.

समोर एक मुलगी बसली होती. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गुणवत्ता यादीत दुसरी आलेली. अंगानं किरकोळ, मनगटं अजून पोरसवदा. शेजारी तिची आई. कपडे शिवण्याच्या कामावरून तशीच उठून आलेली, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

आईनं पर्समधून पावती काढून टेबलावर ठेवली. सहा कागद मिळाल्याची पावती, खाली तात्यांची सही. कागद आम्ही दिला, तुमच्या ताब्यात दिला, आता तुम्ही हरवलात तर पोरीनं का भोगायचं, असं तिचं म्हणणं. आहेत त्या पाचांवर प्रवेश द्या.

मुलीनं तिच्या हातावर हात ठेवला. "आई, हळू बोल ना."

"तू थांब गं धाकटे. मोठ्यांचं चाललंय."

तेवढ्यात फोन वाजला. बातमीला पाय फुटले होते. प्रवेश विभागाचे साहेब बोलत होते आणि त्यांचं बोलणं नेहमीसारखं मोजून मापून होतं. आज शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत कागद फायलीत आला नाही, तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. खिडकीवरच्या तात्यांना निलंबनाची नोटीस निघेल. आणि कपाटाची किल्ली एकट्या बाईंकडे असते, हेही लोक उद्या बोलतील.

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

मुलगी सकाळपासून उपाशी आहे हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. बाईंनी दोघींना कॅन्टीनमध्ये जाऊन काहीतरी खाऊन यायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

कक्षाची पद्धत जुनी होती आणि बाईंनीच घालून दिलेली. नव्या विद्यार्थ्याचे मूळ कागद खिडकीवर घ्यायचे, यादी करायची. टाचणीनं कागद गंजतो, म्हणून डाव्या कोपऱ्यात सुईदोऱ्यानं ओवायचे. पाकिटात घालून लाख लावायची, त्यावर पालकाची सही आणि तात्यांची. पाकीट कुलुपात. तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्यासमोर फोडायचं, आणि मग एकेका कागदाचा क्रमांक तो देणाऱ्या कार्यालयाला कळवून खात्री करून घ्यायची. यंदा त्यात एक भर पडली होती. गेल्या वर्षी कुणीतरी मेलेल्या माणसाच्या कागदांवर प्रवेश मिळवला होता. तेव्हापासून जन्माची नोंद मूळ कार्यालयात विचारायची आणि मृत्यूच्या नोंदींशीही ताडून पाहायची, असा नियम आला. तशी सूचना तीन दिवसांपूर्वी, कागद घ्यायच्या पहिल्याच सकाळी, खिडकीवर डकवली होती.

बाईंनी भिंग काढलं.

आधी लाख पाहिली. एकाच धारेनं पडलेली, पुन्हा वितळवलेली नाही. पाकिटाच्या कडा पाहिल्या. डिंक जुना, अखंड. मग दोरा. दोऱ्यात अडकलेला कागदाचा एकही कपटा नव्हता, म्हणजे कुणी हिसका मारून कागद काढलेला नव्हता. दोरा सोडवून पुन्हा ओवला असेल, तर कागदांना जास्तीची भोकं हवीत. सुई दुसऱ्यांदा नेमकी त्याच भोकांतून जात नाही. बाईंनी पाचही कागद उजेडाला धरले. प्रत्येकाला दोनच भोकं, सगळ्यांची एकमेकांवर नेमकी बसणारी.

त्या दोऱ्याच्या गाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग कपाटातून दुसरी चार पाकिटं काढून त्यांतल्या गाठी पाहिल्या. शेवटी लसीचं कार्ड हाती घेतलं. घडीवर फाटलेलं, मागून पट्टी लावलेलं. त्यावरच्या तारखा त्यांनी एकेक करून वाचल्या. सहसा कुणी वाचत नाही. कार्ड भरलेलं दिसलं की पुरे.

वाचून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग तात्यांना बोलावलं. तात्या आले ते भिंतीला धरूनच. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला माणूस.

"तात्या, कागद मोजले कुणी?"

"मीच. सहा होते, बाई. देवाशपथ."

"ओवले कुणी?"

"मीच की."

"तुमची गाठ मला ठाऊक आहे. बुटाच्या नाडीसारखी मारता. चारही पाकिटांत तशीच आहे. या पाकिटातली तुमची नाही."

तात्या खाली बघू लागले. मग एकेक करून बाहेर आलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दोरा ओवताना सुई सापडत नाही. कुणाला सांगितलं तर खिडकी जाईल, म्हणून गप्प होते. त्या दिवशी रांग दारापर्यंत. ती आई म्हणाली, तात्या, द्या इकडे, माझं रोजचं काम आहे. बाहेरच्या माणसानं कागदांना हात लावायचा नाही हा नियम त्यांना पाठ होता. तरी दिले.

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"लाख वितळवायला पाठ फिरवली. असेल अर्धं मिनिट."

"त्याआधी काही बोलणं झालं होतं?"

तात्यांनी आठवून सांगितलं. तिनं खिडकीवरची सूचना वाचून विचारलं होतं, मरणाच्या नोंदीशी ताडून बघतात म्हणजे काय. त्यांनी समजावून सांगितलं होतं. नंतर ती हातातले कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिली. त्यांना वाटलं, गर्दीला कंटाळली असेल.

सव्वातीनला बाईंनी आईला एकटीला आत बोलावलं. मुलीला बाहेरच्या बाकावर बसवलं. खुर्ची पुढे ओढली, पाणी दिलं, आणि मग बोलायला सुरुवात केली. आवाज इतका हळू, की आईला पुढे वाकावं लागलं.

"पाकीट कपाटात असताना कुणी फोडलेलं नाही. लाख सांगते. दोरा सोडून पुन्हा ओवलेला नाही. भोकं सांगतात. म्हणजे जन्मदाखला या दोऱ्यात कधी गेलाच नाही. तात्यांनी सहा मोजले, पाठ फिरवली, आणि परत वळले तोवर पाच ओवून पाकिटात गेले होते. ही गाठ बोटावर वेढा घेऊन, अंगठ्यानं सरकवून मारलेली आहे. शिवणाऱ्या बाईची गाठ. ती तुमची आहे."

आई हलली नाही. "माझ्याच पोरीचा कागद मी कशाला चोरू? तिची जागा जाईल ना."

"तेच मला कळत नव्हतं. म्हणून कार्ड वाचलं." बाईंनी कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "जन्मल्याबरोबर द्यायची लस. ही पहिली नोंद, शाळेच्या दाखल्यातल्या जन्मतारखेच्या दुसऱ्या दिवशीची. खाली रिकाम्या ओळींत तीच लस पुन्हा. तेवीस महिन्यांनी. एका बाळाला जन्माची लस दोनदा देत नाहीत. हे कार्ड दोन बाळांचं आहे."



"अर्जात लिहिलंय, भावंडं नाहीत. एकुलती एक. आणि तुम्ही तिला माझ्यासमोर धाकटी म्हणालात. कुणाहून धाकटी?"

आईनं पदर तोंडाशी धरला. रडली नाही. बराच वेळ ती कार्डावरच्या वरच्या ओळीवर बोट फिरवत राहिली.

मग सांगू लागली. मोठी सोळा महिन्यांची असताना तापानं गेली, दोन दिवसांत. तिच्या बापानंच कार्यालयात जाऊन मरणाची नोंद केली, आणि धाकटी पोटात असताना तोही घर सोडून गेला. धाकटी झाली ती कपडे शिवायच्या कारखान्याजवळच्या खोलीत, शेजारणीच्या हातांवर. नोंदीला गेली तर म्हणाले, बापाला आणा. पुन्हा गेली तर म्हणाले, त्याचे कागद आणा. तिसऱ्यांदा बाळाला घेऊन दिवसभर बसली, आणि त्या दिवसाची रोजी बुडाली. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात एकच जन्मदाखला होता. तोच दिला. कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून धाकटी मोठीच्या नावानं हजेरी देत आली. घरात मात्र त्या नावानं हाक मारायला आईची जीभ कधी वळली नाही.

"तिला ठाऊक आहे?"

"नाही. बाई, पाया पडते. पावती आहे, त्यावर तुमच्या माणसाची सही आहे. तुम्ही गप्प राहिलात तर जन्मदाखल्यावाचून निभेल. पोरगी रात्रीचा दिवस करून इथवर आलीय."

बाईंना ते कळत होतं. गप्प राहणं किती सोपं आहे हेही कळत होतं. पण सव्वीस वर्षांत जे हजारदा पाहिलं होतं, ते या आईनं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तिथंच तिचा हिशेब चुकला होता.

"कार्यालयानं कागद हरवला तर तो सोडून देत नाहीत," त्या म्हणाल्या. "यादीत त्याचा क्रमांक आहे. पाच वाजता मी तो क्रमांक घालून दुसरी प्रत मागवीन. मला मागवावीच लागेल. मूळ कार्यालय उत्तर देईल, ही व्यक्ती सोळा महिन्यांची असताना मयत. ते उत्तर उमेदवाराच्या नावानं जातं. टपाल तिच्या हातात पडेल. जागाही जाईल आणि तात्यांची खिडकीही. तिनं हे पत्रातून वाचावं की तुमच्या तोंडून ऐकावं, एवढंच तुमच्या हाती उरलंय."

आईनं मान खाली घातली. मग पर्स मांडीवर उलटी केली, आतल्या अस्तराची शिवण नखानं उसवली आणि घडी केलेला कागद बाहेर काढला.

"जाळून का नाही टाकलात?" बाईंनी विचारलं.

"कसा जाळू? फोटोसुद्धा नाही तिचा. ती जन्मली होती असं सांगणारं जगात एवढंच आहे."

पाचला वीस मिनिटं असताना मुलीला आत बोलावलं. सांगायचं काम आईनंच केलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे आईचा आवाज अडखळत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी अठरा वर्षांची नाही," मुलगी म्हणाली.

"सोळाची आहेस," आई म्हणाली.

"वर्गात सगळ्यांत बारकी मीच असायचे. मला वाटायचं, खाणं कमी पडतं."

या अभ्यासक्रमाला सतरा पूर्ण लागतात. बाईंनी ते सांगितलं, कारण नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. जागा यंदा मिळणार नव्हती, खऱ्या कागदानंही नाही. पण उशिरा नोंद करायचा रस्ता आहे, आईचं आणि शेजारणीचं शपथपत्र लागतं, चार-सहा महिने जातात. मग शाळेचे दाखले बदलून घ्यायचे. पुढच्या वर्षी तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. स्वतःच्या वयानं.

मुलीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

बाईंनी टिपण लिहिलं. कागद सापडला. कक्षाच्या ताब्यातून गेलेला नव्हता. उमेदवाराची जन्मनोंद झालेली नाही. जागा रिक्त. तात्यांनी बाहेरच्या हातात कागद दिले हेही लिहिलं आणि खाली जोडलं, डोळ्यांच्या उपचारासाठी रजा द्यावी. खाली सही केली. पाच वाजता साहेबांकडून माणूस आला आणि टिपण घेऊन गेला. थोड्या वेळानं बाहेरच्या व्हरांड्यात प्रतीक्षा यादीतल्या मुलीला हाक मारलेली ऐकू आली, आणि तिच्या घरच्यांचा हसण्याचा आवाज.

आत कुणी उठलं नाही.

बाईंनी उशिराच्या नोंदीचा कोरा अर्ज मुलीपुढे ठेवला. घरी जाऊन भरला तरी चालेल म्हणाल्या. पण मुलीनं पेन उचललं होतं. पहिल्याच, नावाच्या रकान्याशी ते थांबलं. तो तिनं तसाच सोडला आणि दुसऱ्यावर आली.

"आई, माझा वाढदिवस कधी असतो?"

आईनं तारीख सांगितली. मग वार सांगितला. मग न विचारता पुढचंही सांगू लागली. जेवणाच्या सुट्टीत कळा सुरू झाल्या होत्या. शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली होती. बाळ आधी रडलंच नाही, आणि मग असं रडलं की शेजारच्या कारखान्यातली मशिनं थांबली. सोळा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता तिला थांबता येत नव्हतं. तात्या कुलूप लावायला दारात आले. बाईंनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं.

मुलीनं तारीख लिहिली, आकड्यांवर आकडे पुन्हा गिरवत.

"आणि तिचा?"

आईनं मुलीच्या गालावरचं पाणी तळहातानं पुसलं.

"तिचा तर आपण दर वर्षी करत आलो, बाळा."