माझ्या आवाजातली हाक

मी खोटं बोलले की माझी मान लाल होते. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आज या आणि बघा माझी मान.

जे झालं ते रशियात, कोस्त्रोमापलीकडच्या जंगलात, आमच्या मूसच्या, म्हणजे उंच धिप्पाड रानहरणांच्या, गोठ्यावर. गेल्या सप्टेंबरची शेवटची संध्याकाळ होती.

मी तिथं धार काढते. आमच्या मूस कोंडलेल्या नसतात. दिवसभर रानात... कुठं वाळुंजाचा पाला ओरबाड, कुठं तळ्यात मुंडी बुडवून पाण्यातलं गवत खा. संध्याकाळी आपल्या पायांनी धारेला येतात.

का येतात? लेकरासाठी.

मूस व्याली की पिल्लू आम्ही वेगळं करतो आणि त्याच्या अंगावरचं ओलं आपल्या एप्रनला पुसतो. ती एप्रन चाटते. चाटता चाटता धार काढणारीलाच आपलं पिल्लू समजते. माझ्या धारेची मूस ईवा, आणि तिचं पिल्लू म्हणजे मी, ग्लाशा. एवढी मोठी घोडी!

"ईवाऽ... ये गं बाई, ये!" अशी हाक दिली की झाडीत आधी तिचा एक कान वळायचा, मग दुसरा. माझ्या हाकेला तिला पान्हा फुटायचा. दुसऱ्या कुणी घसा फोडला तरी बाई ढिम्म.

त्या उन्हाळ्यापासून माझा धाकटा भाऊ देमिद शहरातून येऊन माझ्याकडं राहिला होता. आई गेल्यावर मीच वाढवलेला. कुंपणावर बसून मोबाइल पुढं धरायचा.

"ताई, परत एकदा हाक मार ना. मित्रांना ऐकवतो. काय गोड आवाज आहे गं तुझा!"

मीही फुशारले. मारली की हाक, मोकळ्या गळ्यानं.

तर, ती संध्याकाळ. मी ओटची पेज कोमट करून फाटकाशी उभी. शेजारी फाईना, माझ्यासोबत धार काढणारी.

हाक द्यायला मी तोंड उघडणार...

तेवढ्यात रानातून हाक आली.

"ईवाऽ... ये गं बाई, ये!"

माझा आवाज.

फाईनानं माझा दंड धरला. "ग्लाशा, तू तर इथं आहेस... मग तिकडं कोण?"

मग बंदुकीचा बार. थोड्या वेळानं आणखी एक.

ईवा धारेला आली नाही.

रात्री देमिद घरी आला. खांद्यावर बंदूक, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, काखेत छोटा स्पीकर. "ताई, कलेजी आणलीय. कांद्यावर परतून दे झकास."

मी पळीच हाणली त्याला. तो हसतोय!

"अगं, जनावरच ते! आणि कसलं खुळं... पहिली गोळी लागली तरी पळालं नाही. स्पीकर चाटत उभं होतं."

स्पीकर चाटत.

अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. केसानं गळा कापला मेल्यानं. तोही माझ्या आवाजानं, तिचा.

स्पीकर मी चुलीत घातला. त्याचा वितळून गोळा होईपर्यंत समोरून हलले नाही. "उद्याच्या बसनं चालता हो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बससाठी तो बुटाच्या नाड्या बांधत बसला होता. बाहेर अजून उजेड होता.

कावळे गप्प झाले. कुत्रा पायरीखाली शिरला.

आणि अस्पेनच्या झाडीतून...

"देमिदऽ... ये रे बाळा, ये!"

माझाच आवाज. पण त्याला 'बाळा' मी तो लहान असताना म्हणायचे. ते कुठल्या मोबाइलमध्ये असणार?

तो उठला. मी त्याची बाही घट्ट धरली. "अरे मुडद्या, मी इथं आहे! ती मी नाही!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कधी न पाहिलेल्या बाईकडं पाहावं तसं.

"सोडा हो बाई," तो म्हणाला. "माझी ताई बोलावतेय."

आणि गेला.

चिखलात त्याच्या बुटांचे ठसे झाडीच्या कडेपर्यंत होते. पुढं नाही. पोलिसांची कुत्री तिथंच बसली, ओढली तरी उठेनात. देमिद आजतागायत सापडलेला नाही.

त्याच्यासाठीही मी रडले. खोटं कशाला सांगू?

पण खरं पुढंच आहे.

माझा एप्रन ओसरीत खिळ्याला असतो. रात्री कोरडा ठणठणीत. सकाळी... ओला. कोमट. त्याला चिकटलेले लांब, करडे केस.

फाईना म्हणते, "ग्लाशा, माफ केलं बघ तिनं तुला."

माफ? मला? मी काय केलं होतं?

हेच जिव्हारी लागतं. गोळी लागली तेव्हा ईवाला वाटलं असणार, आपल्या लेकरानंच बोलावलं. अजूनही तेच वाटतंय तिला. ती मी नव्हते गं बाई, एवढंच मला तिला ओरडून सांगायचंय.

रोज संध्याकाळी फाटकाशी जाते. झाडीत एक कान वळल्यासारखा वाटतो... मग दुसरा.

मी तोंड उघडते आणि मिटते.

सांगायचं तर त्याच आवाजात सांगावं लागणार ना?