बंद खोलीतली ओल

मोठ्या मामांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा दिवे गेलेले होते आणि आम्ही सगळी भाचरं त्यांना चिकटून बसलो होतो. भुताची सांगा, भुताची सांगा, म्हणून आम्हीच त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"भूत होतं की नव्हतं ते मला विचारायचं नाही," मामा म्हणाले. "माझ्या कामातल्या जोडीदाराबरोबर झालं ते सांगतो. मधे कोणी तोंड घातलं तर थांबेन."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. त्या रात्री बसले.

घरांच्या भिंतींवरची बुरशी काढायची आणि ती परत येऊ नये असा बंदोबस्त करायचा, हा मामांचा धंदा. लोकांना वाटतं फडकं मारलं की झालं. फडक्यानं जात असती तर मामा उपाशी मेले असते. भिंतीला पाणी कुठून मिळतंय ते सापडेपर्यंत बुरशी हटत नाही. नळ फुटलाय, गच्ची गळतेय, काहीतरी असतंच. या कामात मामांच्या जोडीला लांब्या होता. देवानं उंची वाटली तेव्हा हा रांगेत दोनदा उभा राहिला असावा. कुठल्याही घरात शिरला की आधी चौकटीला कपाळ आपटायचा आणि मग नमस्कार करायचा.

थंडीचे दिवस होते, शनिवारची रात्र. मामांना ताप भरला होता, म्हणून लांब्या एकटाच निघाला. काम काहीच नव्हतं. एका बाईचं घर बघायचं, ओल मोजायची, पुढच्या आठवड्यातली तारीख द्यायची आणि घरी जाऊन झोपायचं.

घर तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाचं. बाईनं दार उघडलं आणि लांब्याचं लक्ष आधी तिच्या हातांकडे गेलं. तळव्यांची सालं निघालेली. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. औषध ओतून भिंत घासणाऱ्या बाईचे हात ते, त्यानं लगेच ओळखलं.

"किती वेळा घासलीत, ताई?"

"मोजायचं सोडून दिलं. घासते, पांढरी होते, आठवड्यात पुन्हा काळी. त्याच जागी."

आतली खोली कुलपात होती. तिनं कुलूप काढलं. खोली रिकामी. फरशीवर खाटेच्या पायांचे डाग तेवढे राहिलेले. आणि समोरच्या भिंतीवर, उशी जिथे असेल त्या उंचीला, काळा डाग. मधोमध दाट, कडेला विरळ. भिंतीवर कोणीतरी तोंडानं फुंकून काजळी उडवावी तसा.

लांब्यानं यंत्र लावून ओल मोजली. भरपूर होती. मग नेहमीसारखं म्हणाला, "ठीक आहे. बुधवारी माणसं घेऊन येतो."

"आज करा."

"आज? अहो ताई, रात्र झाली."

"उद्या सकाळी माझी मुंगी दवाखान्यातून येतेय." मुंगी म्हणजे तिची लेक. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे मुंगी म्हणायचे. आता पाच पावलं चालली तरी धाप लागायची तिला. "डॉक्टर म्हणाले, खाट दुसऱ्याला लागणार, पोरीला न्या. पण घरात ती बुरशी असेल तर नेऊ नका. पुढच्या वेळी श्वास अडकला तर आमच्या हातात काही नाही. मग मी तिला नेऊ कुठे? खोकणारं पोर कोण ठेवून घेतं? माझ्या सख्ख्या बहिणीनं दार लावलं."

"तिचे बाबा?"

"बाहेरगावी नोकरीला आहेत. फोनवर 'बघू' म्हणतात. एवढ्या लांबून त्यांना काय दिसतं कोण जाणे."

लांब्या काहीतरी समजुतीचं बोलायला गेला. तेवढ्यात बाईनं त्याची हत्यारांची पिशवी उचलली, भिंतीशी ठेवली आणि तिच्यावर बसली.

"तुम्हाला जायचं तर जा. ही इथेच राहील."

"ताई, त्यात माझा डबा आहे."

"डबा गरम करून देते. खा आणि कामाला लागा."

लांब्या हसला. ती हसली नाही. पिशवीवरून उठलीही नाही. त्यानं डबा खाल्ला, खाली उभ्या गाडीतून पंखा आणि बाकीचं सामान वर आणलं आणि कामाला लागला.

हे काम कसं करतात ते मामांनी आम्हाला सांगितलं, तेही ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आधी खोलीच्या दारावर वरपासून खालपर्यंत प्लास्टिक लावायचं. चारी कडा टेपनं बंद करायच्या, आत जायला मधे एक चेन. मग खोलीतली हवा ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा लावायचा. पंखा चालू झाला की प्लास्टिक आतल्या बाजूला खेचलं जातं, पोट आत घेतल्यासारखं. तसं झालं म्हणजे घाण हवा घरात येत नाही, थेट बाहेर जाते. भिंत आधी फवारून भिजवायची आणि मगच खरवडायची. कोरडी खरवडली किंवा फोडली तर बुरशीचं पीठ उडतं आणि घरभर बसतं. कोरड्या भिंतीला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

त्या खोलीला खिडकीच नव्हती. लांब्याला ते जरा विचित्र वाटलं, पण त्यानं पंख्याचा पाइप बोळातून जिन्याच्या झरोक्यात काढला आणि तोंडावर मास्क चढवला. भिजवलं, खरवडलं, पुसलं, औषध मारलं. गरम हवेचं यंत्र लावून भिंत खडखडीत सुकवली. पुन्हा ओल मोजली. काही नाही. भिंत कपाळासारखी स्वच्छ.

तो बाहेर आला, चेन लावली, पंखा बंद केला आणि बाईच्या शेजारी स्टुलावर बसला.

"झालं, ताई. आणा मुंगीला."

बाईनं तोंडावर पदर घेतला आणि आवाज न करता रडायला लागली. घरात शांतता. रस्त्यावरसुद्धा कोणी नाही.

मग प्लास्टिक हललं.

आत गेलं. सावकाश. पोट आत घेतल्यासारखं.

लांब्यानं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. वायर त्याच्या हातात होती.

प्लास्टिक बाहेर आलं. फुगलं.

आत गेलं...

बाहेर आलं...

"वारा असेल," बाई म्हणाली.

"खोलीला खिडकी नाही, ताई."

ती उठून उभी राहिली.

प्लास्टिकच्या आतल्या अंगाला वाफ धरत होती. लांब्यानं चेन थोडी खाली ओढून टॉर्च मारला. आत्ताच सुकवलेल्या भिंतीवर, बरोबर त्याच जागी, पाण्याचे थेंब. बारीक बारीक. एकमेकांत मिसळून खाली ओघळणारे.

त्यानं मामांना फोन लावला. मामा तापात, अंथरुणात.

"भाऊ, भिंत सुकवली आणि पुन्हा ओली झाली. डोळ्यांदेखत."

"नळ?"

"पलीकडच्या टोकाला आहे."

"वर काय आहे?"

"दुसऱ्यांचं घर. छत कोरडं. बाहेरची भिंतही कोरडी, जिन्याच्या झरोक्यातून हात काढून बघितली."

"मग ती माणसांची ओल आहे," मामा म्हणाले. "बंद खोलीत माणसं झोपली की त्यांच्या श्वासाचं पाणी गार भिंतीवर धरतं. कोण झोपतं तिथे?"

"कोणीच नाही. कितीतरी वर्षं कुलूप आहे म्हणतात ताई."

मग मामांनी विचारलं, "लांब्या, तू एवढ्या धापा का टाकतोयस?"



मग लांब्याचा आवाज आला, अगदी बारीक. "भाऊ... मी श्वास धरून उभा आहे."

इथे आमच्यातलं सगळ्यात धाकटं माझ्या मांडीत शिरलं. मामा थांबले नाहीत.

लांब्या बाईकडे वळला. "इथे कोण झोपायचं?"

"सासूबाई," ती म्हणाली. तिची नजर प्लास्टिकवरून हलत नव्हती. "दम्याचं दुखणं होतं. त्यांची खाट खिडकीशी होती."

"कुठली खिडकी?"

तिनं बोट दाखवलं. त्या थेंबांकडे.

"त्यांना रात्रंदिवस खिडकी उघडी लागायची. मुंगी तेव्हा तान्ही. गार वारं आलं की तिची छाती भरायची. मी खिडकी लावायची, त्या उघडायच्या. मी लावायची, त्या उघडायच्या. मला दोघींतली एकच वाचवता येत होती, दादा. मी गवंडी बोलावला. विटा लावून खिडकी बुजवली, वरून गिलावा केला. त्या खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, सूनबाई, मला कोंडू नकोस गं. मी म्हटलं, माझं लेकरू मरेल. फार दिवस नाही काढले त्यांनी. शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. भिंतीलाच तोंड लावून... हवा ओढायच्या."

प्लास्टिक आत गेलं. या वेळी बराच वेळ आतच राहिलं. थरथरत राहिलं.

बाई पुढे झाली. "आई," ती म्हणाली. "माझ्यावर राग काढा. मला न्या. तिला सोडा. आई... तुमचीच नात आहे ती."

प्लास्टिक आत-बाहेर. भराभर. दम लागलेल्या माणसासारखं.

"सासूबाई रागावलेल्या नाहीत, ताई," लांब्या म्हणाला. "त्यांना श्वास घेता येत नाहीये."

त्यानं हातोडा काढला आणि हातात धरून तसाच उभा राहिला. तोडफोडीचं पीठ घरभर उडणार होतं. आतल्या कोरड्या विटा भिजेपर्यंत थांबायला वेळ नव्हता आणि सकाळी पोर येणार होतं. फोडलं तर घर घाण, न फोडलं तर भिंत ओली. कुठूनही गळा मुंगीचाच.

बाईनं हातोडा त्याच्या हातातून हिसकावला.

"मी बुजवली. मीच फोडते."

त्यानं स्वतःचा मास्क काढून तिच्या तोंडावर बांधला, स्वतःच्या तोंडावर ओलं फडकं गुंडाळलं. चेन उघडली. दोघं आत गेले.

खोलीत दमट ऊब होती. माणसांनी भरलेल्या खोलीत असते तशी.

तिनं पहिला घाव घातला. पोकळ आवाज आला. दुसरा घातला. गिलावा कोसळला. तिचे सोललेले हात फुटले, हातोड्याच्या दांड्याला रक्त लागलं, तरी ती थांबेना. लांब्या मागे टॉर्च धरून उभा. त्याच्या मानेवर, अगदी मानेवर... गरम. थांबून थांबून. गरम.

त्यानं वळून पाहिलं नाही.

"मारा, ताई."

घाव.

"मारा!"

वीट हलली. सरकली. बाहेर पडली. खूप खाली गल्लीत आवाज झाला.

गार वारं आत आलं.

आणि लांब्याच्या कानाशेजारून एक लांब श्वास गेला... लांब... संपतच नव्हता... त्या भोकातून बाहेर गेला.

मग काही नाही.

दारावरचं प्लास्टिक सरळ लोंबत होतं.

उजाडेपर्यंत लांब्या काम करत राहिला. उरलेल्या विटा काढल्या, भोकाला प्लास्टिक ठोकलं, सगळं घर पुन्हा पुसलं. भांडी, कपाटाचे वरचे कोपरे, दिव्यांच्या वायरीसुद्धा. बाई त्याच्या मागून बादल्या बदलत राहिली. सकाळी ती मुंगीला घेऊन आली तेव्हा लांब्या जिन्यात बसल्या बसल्या झोपला होता. पोरगी त्याच्या लांब पायांना अडखळली आणि हसली. हसल्यावर खोकली नाही. बाई तिथेच पायरीवर बसली.

पुढे सुतारानं तिथे काचेची खिडकी बसवली. भिंत पुन्हा ओली झाली नाही. मुंगीची खाट तिथेच लावली, कारण त्या खोलीत तिला घरातल्या कुठल्याही जागेपेक्षा चांगली झोप लागायची.

हिवाळा सरायच्या आत बाईनं लांब्याला फोन केला. "दादा, काम नाही. पण एकदा काच बघून जा."

तो पहाटे गेला. मुंगी झोपलेली होती, तोंड खिडकीकडे. तिच्या उशीच्या उंचीला, काचेवर वाफेचा एक डाग. तळहाताएवढा.

"पोरीचा श्वास लागला असेल," लांब्या म्हणाला आणि आतून हात फिरवला.

काच कोरडी होती. डाग गेला नाही.

त्यानं खिडकी उघडून बाहेर वाकून पाहिलं. सरळ भिंत. तीन मजले खाली गल्ली. पाय टेकवायला एक वीटसुद्धा पुढे आलेली नाही. त्यानं हात लांब करून काच बाहेरून पुसली. बोटं ओली झाली. बाहेर एवढा गारठा, आणि पाणी कोमट.

खिडकी लावून तो उभा राहिला. बाई त्याच्या शेजारी.

मुंगीची छाती वर झाली, खाली गेली.

पुसलेल्या काचेवर, बाहेरच्या अंगाला, डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला.

मुंगीच्या श्वासाबरोबर. एकाच ठेक्यात.