केरबाचा सीन

हसा की, थांबलासा का? लाईट गेली म्हून? मगापासनं बघतोय, त्या डबड्या पिक्चरला नावं ठिवून ठिवून तुमची पोटं दुखायला लागल्यात. हिरॉइनीचा टोप फांदीला अडकला, राक्षसाच्या पाठीला चेन दिसली. मला बी हसू आलं, खोटं कशाला बोलू? वाईट पिक्चर बघण्यात जी मजा हाय ती चांगल्यात न्हाई. पर आता अंधार पडलाच हाय तर एक गोष्ट सांगतो. आमच्या जयराजची हाय, माझ्या थोरल्या भावाच्या पोराची. भुताचीच हाय. पर भ्या कमी वाटंल, लाज जास्त. कंदील नगो लावू रं, ऱ्हाऊ दे तसंच.

चार वर्सं झाली. चौऱ्याण्णव साल, संक्रांतीचा दुसरा दिवस, करीचा. शनिवार हुता. तवा ह्ये व्हिडिओचं दुकान जयराजच चालवायचा. मलकापुरात टीव्ही आन व्हीसीआर भाड्यानं द्यायचा त्योच एकटा. आन पोरगं तुमच्यावानीच वाया गेलेलं. चांगला पिक्चर गिऱ्हाइकाला, भंगार सवतासाठी. रात्री शटर खाली वढायचं, त्यो, सुमंत आन भाऊसो, तिघं जन बसायचे. वाईटातला वाईट पिक्चर लावायचा, शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठिवायचा, आन पिक्चर बघत बघत जी टिंगल करायची ती समदी क्यासेटीत भरायची. हसन्यासकट.

बरं, घरात ठिवल्या असत्या तर चाललं असतं. ह्यांच्या क्यासेटी कराडच्या हॉस्टेलात गेल्या, टेलरच्या दुकानात गेल्या, रिक्षात वाजायला लागल्या, सांगलीपतूर पोचल्या. लोकं पिक्चर न बघता नुसती ह्यांची बडबड ऐकून लोळायची.

त्यातली सगळ्यात गाजलेली क्यासेट 'घोंगडीभुता'ची. पिक्चरचं खरं नाव काय हुतं कुनाला ठावं? कुनीतरी हौशी मानसानं माण तालुक्यातल्या माळावर काढलेला. त्यातलं भूत म्हंजे घोंगडं पांघरून, तोंडाला पीठ फासलेला एक मानूस. चालायचा तर कोंबडी चिखलातनं चालल्यागत. डायलॉग म्हनायचा तर शाळेत कविता म्हनल्यागत. आन गळा दाबायला हात उचलला की आधी क्यामेऱ्याकडं बघायचा. 'आता दाबू का?' म्हून इचारतोय जनू! त्यावर ह्या तिघांनी काय काय तोडलंय म्हनता. बापजाद्यापतूर गेले.

तर त्या शनिवारी दुपारी एस्टीचा कंडक्टर निरोप घिऊन आला. दहिवडीच्या अलीकडं एक वाडी हाय, तिथं एका घरी रातच्याला टीव्ही-व्हीसीआर पायजे. आन पिक्चर माणातल्या माळावरचा, घोंगडं पांघरलेल्या भुताचाच पायजे, त्यो तुमच्याकडंच हाय म्हनं. दुसरा आनू नगा.

जयराजला आभाळ ठेंगनं झालं. माणात बी आपल्यासारखं कोन येडं हाय, असं वाटलं त्येला. दुसरा इचारच आला न्हाई डोक्यात. त्येची आई म्हनली, "आरं, आज कर हाय. परगावी जाऊ नगं." ऐकतोय कुठला? तीनचाकी टेम्पोत मागं टीव्ही बांधला, व्हीसीआर गोधडीत गुंडाळला. टेपरेकॉर्डर आन टिंगलीची क्यासेट पुढं सवताजवळ घितली. म्हनला, त्या मंडळीस्नी पिक्चर झाल्यावर ह्ये बी ऐकवू. पोट धरून हसतील.

कराड सुटलं. औंध आलं तवा नऊ वाजून गेलते. यमाईच्या डोंगरावरचे दिवे मागं पडले. चवथीची कोर कवाच मावळलेली. दोन्ही अंगाला शाळू हुबा, थंडी मरनाची, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. वाडी पाच-सा मैलांवर ऱ्हायली आसंल, तवा उजेडात एक मानूस दिसला. पटका, धोतर. हात न्हाई केला, काय न्हाई. नुसता हुबा. जयराजनं सवताच गाडी थांबवली. पोरगं मनानं वाईट न्हाई हो, ते आधीच सांगतो.

"कुठं जायचं बाबा?"

"हितंच, म्होरं."

बसला शेजारी. टेम्पो चालू. म्हाताऱ्यानं मागं वळून टीव्हीकडं बघितलं. "काय न्हेताय पावनं?"

"पिक्चर लावायचाय वाडीला. भुताचा. आवं, लय भंगार हाय! हसून हसून मराल."

"असं?"

"थांबा, ऐकवतो."

आन लावली की क्यासेट. सुमंतचा आवाज, भाऊसोचा आवाज, ह्येचा सवताचा. 'आला आला, कोंबडीचा आला!' 'आरं, पीठ दळून आनलंय का उसनं?' 'ह्येच्यापरीस आमचं बुजगावनं बरं काम करतंय!' जयराज गाडी चालवत सवताच्याच इनोदावर हसतोय. म्हातारा बी हसला. जरासं. घरात पावन्यांनी कायतरी म्हनलं तर कसं हसतोय आपन, तसं.

मग मागच्या टीव्हीकडं परत एकदा बघितलं.

जरा येळानं म्हनला, "त्या मानसानं... लय वाईट केलंय व्हय काम?"

"वाईट? त्येला भूत म्हनायचं म्हंजे भुताची अब्रू घालवायची!"

"व्हय..."

क्यासेट वाजतीया. गाडीत थंडी वाढली. जयराजनं मफलर आवळला.

"आमाला तर लय भारी झालंय असंच वाटत हुतं," म्हातारा म्हनला.

"तुमी बघितलाय व्हय पिक्चर?"

"न्हाई. कवाच न्हाई बघितला. नुसतं सांगत आलो. घरात, गावात... समद्यास्नी." मग लय हळू, "आज नगा दावू पावनं. घरची म्होरं बसल्यात."

जयराजनं टेप बंद केला. का केला ते त्येला बी कळलं न्हाई. वाडीचे दिवे दिसाय लागले.

"हितंच उतरतो," म्हातारा म्हनला.

"आवं, वाडी म्होरं हाय की! चला, घरापतूर सोडतो."

"कसं येऊ? तोंड दावायला जागा ठिवली न्हाई तुमी."

जयराजनं ब्रेक दाबला. वळून बघितलं.

सीट रिकामी.

दार लावलेलंच. रस्ता म्होरं मोकळा, मागं मोकळा... शाळूचं एक पान हलंना.

पोरगं तिथनं कसं निघालं त्येला ठावं. वाडीत पोचलं तर अंगनात वीस-पंचवीस मानसं बसलेली, घोंगडी टाकून. समद्यांच्या म्होरं एक म्हातारी. अंबूबाई. मुंबईला कामाला असलेला तिचा भाचा म्होरं आला. जयराजच्या तोंडातनं सवयीनं गेलंच, "आमी बोललेली दुसरी बी क्यासेट आनलीया. पिक्चरवरची." भाचा म्हनला, "बरं झालं, मामीला सांगतो."

मग जयराजची नजर आत गेली. पाट मांडलेला. हार वाहिलेला. फोटोच्या जागी नुसता नारळ.

भाचा म्हनला, "उद्या वर्सश्राद्ध हाय मामाचं. केरबामामा. फोटो कवा काढलाच न्हाई हो त्येनी. एकदा त्या पिक्चरात काम केलं हुतं, भुताचं. तेवढंच काय ते ऱ्हायलंय. मामी म्हनली, तोंड दिसंल एकदा. मग पावन्यांस्नी बोलावलं."

येडं कुनी न्हवतंच वाडीत. एका म्हातारीला आपला नवरा बघायचा हुता, एवढंच. जयराज वायरी जोडत हुता आन एक बी वायर जागी बसंना. भुताच्या भ्यानं न्हवं रं. भ्या कवाच मागं पडलं हुतं. धरनी फाटावी आन पोटात घ्यावं, असं त्येला झालेलं.

पिक्चर लागला. हिरो आला, हिरॉइन आली, गानं झालं. म्हातारीनं डोईवरचा पदर नीट केला. तिची सून पुटपुटली, "आता येत्यात बगा." माळावरचा सीन आला. पोरगी एकटीच, मागं मागं सरतीया. पाठीमागनं भूत यायचं... जयराजनं पन्नास येळा बघितलेला सीन.

भूत आलं न्हाई.

पोरगी किंचाळली. कुनाकडं बघून? मोकळा माळ. हिरो धावत आला, सवताच्याच गळ्याला हात लावून तडफडाय लागला. गळा दाबनारं कुनीच न्हाई. मागनं एक पोरगं फिस्कन हसलं. कुनीतरी त्येला चापट मारली.

अंबूबाई म्हनली, "कवा येत्यात हे?"

जयराजनं क्यासेट मागं घितली. परत लावली. मोकळा माळ. परत. मोकळा माळ.

जयराजला समदं कळलं हुतं. सांगायचं कसं? तुमचा मालक रस्त्यात भेटला, म्या त्येची खिल्ली त्येलाच ऐकवली, म्हून त्यो तुमाला तोंड दावंना... कुठल्या तोंडानं सांगनार?

म्हातारी म्हनली, "लेकरा, तू बघितलंयस न्हवं त्येस्नी ह्यात?"

"...व्हय मावशी."

"तुझी दुसरी क्यासेट हाय म्हनं. त्यात हायत का हे?"

"ती... ती नगो मावशी."

"हायत का?"

"...बोलन्यात हायत."

"मग लाव."

लावली. दुसरं काय करनार? टीव्हीवर थांबवलेला मोकळा माळ, आन टेपातनं तिघांचा दंगा. 'आला आला, कोंबडीचा आला!' अंगनातली समदी मानसं माना खाली घालून बसली. सुनेनं तोंडाला पदर लावला. जयराज भिताडाला टेकून हुबा. सवताचं हसनं सवताच्या कानानं ऐकत हुता. प्रत्येक शब्द चपलंगत बसत हुता तोंडावर.

अंबूबाई काय चिडली न्हाई. ती कान दिऊन ऐकत हुती. म्हनली, "व्हय. असंच चालायचे. गुडघा गेलता त्येंचा, हिरीच्या कामावर." मग म्हनली, "क्यामेऱ्याकडं बघायचे व्हय? माझ्याकडं बी तसंच बघायचे. जेवायला बसू का, म्हून इचारायचं झालं तरी."

उठली. टीव्हीपाशी गेली. काचेवर बोट ठिवलं. "हितं हायत का?"

जयराज म्होरं झाला. टेप बंद केला. "जरा उजवीकडं मावशी. हितं. हितनं येत्यात. अंगावर घोंगडं हाय... हात वर करत्यात. लय..." त्येनं काचेवर हात टेकला. "लय चांगलं काम केलंय मावशी. म्याच गाढव, मला कळलं न्हाई."

आन त्या मोकळ्या काचेला, समद्यांच्या देखत, हात जोडले पोरानं.

मग पिक्चर म्होरं चालू केला. पोरगी मागं मागं सरतीया, अनवानी. अंबूबाई एकदम म्हनली, "थांबीव. मागं घे."

घितलं मागं.

"ते बघ. तिच्या पायामागं."

पोरीच्या टाचेमागं एक धोंडा पडलेला. अनकुचीदार. आनखी एक पाऊल मागं पडलं असतं तर पोरगी ठेचाळून उताणी पडली असती. पिक्चर चालला... पोरीचा पाय मागं यायच्या आत त्यो धोंडा हलला. धुरळ्यातनं सरकत सरकत बाजूला गेला. पायानं कुनीतरी ढकलावा तसा. मातीत चर पडला. पोरीचा पाय मोकळ्या जागी टेकला.

माळावर कुनी न्हाई.

अंबूबाईनं पदरानं डोळं पुसलं. "हायत," म्हनली. "तोंड न्हाई दावलं तरी. परक्याच्या लेकीला लागंल, ह्ये त्येस्नी बघवायचं न्हाई."

जयराजनं पिक्चर तिथंच ठिवला, तिच्यापाशी. मलकापुरात आल्यावर टिंगलीच्या क्यासेटी घरोघर फिरून गोळा केल्या, जेवढ्या घावल्या तेवढ्या. परत कवा एक भरली न्हाई. दुकान म्या घितलं, त्यो आता शेती बघतोय. त्या पिक्चरची दुसरी क्यासेट मला सांगलीत मिळाली, गेल्या साली. इकनारा हसत हुता. म्हनला, घिऊन जावा, भुताच्या पिक्चरात भूतच न्हाई, लय मजा येतीया बघायला.

म्या घरी आनून लावली. एकट्यानं. माळ मोकळाच हाय.

धोंडा सरकतोय.