हैबतरावांचा एक डोळा

“आजपासून मानवजातीच्या इतिहासात नवं पर्व सुरू होत आहे,” दिगंबरआजोबांनी जाहीर केलं, आणि हैबतरावांनी गरम चहा बशीऐवजी त्यांच्या लेंग्यावर ओतला. पर्व कोणतं, ते सांगायचं राहून गेलं.

हैबतराव म्हणजे घरचा यंत्रमानव. मागच्या आठवड्यात नारळ फोडताना करवंटीचा तुकडा उडाला आणि त्यांचा उजवा कॅमेरा फुटला. तेव्हापासून चहा बशीबाहेर आणि ताट टेबलाबाहेर.

“बाबा, आता पुरे,” शर्वाणीची आई म्हणाली. “तो कॅमेरा कुठेच मिळत नाही. संध्याकाळी भंगारवाला येतोय. हैबतरावांना देऊन टाकते.”

“मी पुसून घेतो,” हैबतराव म्हणाले आणि लेंग्याच्या वीतभर अलीकडे, हवेतच फडकं फिरवू लागले.

शर्वाणी हैबतरावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. सायकल शिकताना तिच्यामागे धावले होते ते हैबतराव. आई तेव्हा मीटिंगमध्ये होती आणि आजोबा झाडामागे लपले होते.

“आजोबा, एक डोळा शाबूत आहे ना त्यांचा? मग बशी का दिसत नाही?”

“बशी दिसते. ती किती लांब आहे, ते कळत नाही. थांब.”

आजोबांनी आयुष्यभर प्रकाशाचा अभ्यास केला होता आणि घरातली एकही वस्तू टाकली नव्हती. लेंगा बदलून ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळं पडलेलं चित्रकथेचं पुस्तक होतं आणि पुठ्ठ्याचा चष्मा. एक काच लाल, एक निळी. पानावर चंद्रावरचा एक खविस होता, पण त्याची प्रत्येक रेघ दोनदा छापलेली, एकदा लाल, एकदा निळी. छपाई चालू असताना कोणीतरी शिंकलं असावं, असं शर्वाणीला वाटलं.

तिने चष्मा लावला आणि खुर्चीसकट मागे सरकली. खविसाचा हात पानातून थेट तिच्या नाकापर्यंत आला होता.

“फार वर्षांपूर्वी अमेरिकेत अशा पुस्तकांची लाट आली होती,” आजोबा म्हणाले. “भुतं, उडत्या तबकड्या, सगळे पानाबाहेर. पोरं वेडी झाली. मग डोकी दुखायला लागली, नवलाई संपली, आणि वर्षभरात लाट ओसरली. त्यातली युक्ती मात्र पक्की आहे. लाल काचेतून पांढरा कागदही लाल दिसतो. मग त्यावरच्या लाल रेघांचं काय होईल?”

“त्या दिसणारच नाहीत. फक्त निळ्या दिसतील, काळपट.”

“आणि निळ्या काचेतून फक्त लाल. म्हणजे एकेका डोळ्याला एकेक चित्र. दोन्ही चित्रं किंचित वेगळ्या जागेवरून काढलेली, कारण आपले डोळेही वेगळ्या जागी आहेत. मेंदू दोन चित्रांतला फरक पाहतो आणि अंतर ठरवतो. हीच द्विनेत्री दृष्टी (दोन डोळ्यांनी मिळून खोली ओळखणं).”

शर्वाणीने चष्मा हैबतरावांना लावला.

“खविस दिसतो,” ते म्हणाले. “इस्त्री केलेला.”

झालं. एक डोळा, एक चित्र. आजोबांनीही हात टेकले. शर्वाणी चष्मा परत घेऊन उगाच एकदा डावा डोळा मिटू लागली, एकदा उजवा. खविस इकडे उडी मारायचा, तिकडे उडी मारायचा. मध्येच ती थांबली.

“आजोबा, दोन चित्रं एकाच वेळी हवीत असं कुठंय? एकामागून एक चालतील की. हैबतराव, बशीकडे पाहा. आता मान डावीकडे न्या आणि पुन्हा पाहा. बशी किती सरकली?”

“पुष्कळ. मागची खिडकी मात्र थोडीच सरकली.”

“मग जवळ काय आहे?”

हैबतरावांच्या डोक्यात काहीतरी गुरगुरलं. “बशी,” ते म्हणाले.

“पराशय,” आजोबा हळूच म्हणाले. “(आपण जागा बदलली की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, ते.) घुबडं मान हलवतात ना, तीही अशीच अंतर जोखतात.”

आई दारात उभी राहिली. “बशी काठोकाठ भरून दाखवा. थेंब सांडला तर भंगारवाल्याला थांबवणार नाही.”

हैबतरावांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. लग्नाला नको म्हणणाऱ्या मुलासारखे दिसत होते. मग किटली झुकली. बशी काठापर्यंत भरली आणि टेबलक्लॉथ कोरडा राहिला.

आईने टेबलक्लॉथवर बोट फिरवून पाहिलं. “भंगारवाल्याला जुना पंखा देते,” ती म्हणाली.

शर्वाणीने हैबतरावांच्या पत्र्याला मिठी मारली. आजोबा उठून उभे राहिले.

“पोरी, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून सहा महिन्यांच्या अंतराने आपण दोन जागांवरून तारा पाहू शकतो. त्याचं अंतर असंच मोजतात. उद्या तुझी एकाक्ष अंतराळयानं अशीच मान हलवत ताऱ्यांमधून वाट काढतील. आजपासून मानवजातीच्या इतिहासात–”

“आजोबा,” हैबतराव मान हलवत म्हणाले, “पाय जरा बाजूला घेता का? फरशीवरचा मघाचा चहा पुसायचा राहिलाय.”